वजा गुणांचा विजेता

बेळगावच्या थंडीचे कौतुक आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. जुनी मंडळी या गावास गरिबांचे महाबळेश्वर म्हणत. तथापि येथील बर्फ आम्ही पाहिला तो गोळेवाल्याच्या हातगाडीवर, गोणपाटात गुंडाळून ठेवलेला. त्यामुळे पायांना लांबलचक पट्ट्या बांधून, बर्फाच्या उतारावरून सुसाट येऊन शंभर-सव्वाशे मीटर हवेतून जाणाऱ्या माणसांविषयी आपण कधी चार ओळी लिहू, असे आम्हांस वाटले नव्हते. निमित्त घडले ते दहावीच्या पूर्वपरीक्षेचे. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसलो असता आमच्या शाळेतील एक विद्यार्थी भ्रमणध्वनीवरील एक जुनी चित्रफीत घेऊन आला. तीत एक तरुण पाय फाकवून, दोन्ही पट्ट्यांची टोके एकमेकींपासून दूर नेऊन हवेत तरंगत होता. मुलाने विचारले, "सर, हा इतका लांब जाऊन पडला, तरी ह्याचे गुण का कापले?"

प्रश्न साधा होता. आमच्या हातात त्या वेळी लाल शाईचे पेन होते, म्हणूनच की काय, तो आम्हांस थोडा लागला.

त्या तरुणाचे नाव यान बोक्लोव. स्वीडनच्या अगदी उत्तरेस, ध्रुववृत्ताच्याही पलीकडे, येलिवारे नगराजवळ कोस्कुल्स्कुले नावाचे खेडे आहे. भोवतालचा मुलूख लोहखनिजाच्या खाणींचा. तेथे १४ एप्रिल १९६६ रोजी त्याचा जन्म झाला. स्की-उडी या खेळात नॉर्वे, फिनलंड, ऑस्ट्रिया, जर्मनी यांचा दरारा; स्वीडनचे नाव तसे मागे. अशा देशातील, अशा खेड्यातील हा मुलगा पुढे या खेळाचे सारे रूप पालटवून गेला. आणि तसे करताना त्याला जवळजवळ प्रत्येक उडीस दंड भरावा लागला.

हा दंड कसला, हे समजण्यासाठी खेळाचे गणित थोडे ध्यानी घेतले पाहिजे. खेळाडू उंच मनोऱ्यावरून खाली घसरत येतो. हातात काठ्या नसतात. उड्डाणाच्या कडेपाशी त्याचा वेग ताशी ९० किलोमीटरांच्या घरात असतो. पुष्कळांची समजूत अशी की, ती कड वर उचललेली असावी. वस्तुतः ती खालच्या बाजूस झुकलेली असते. वर जाण्याचे सारे बळ खेळाडूच्या गुडघ्यांतून, अचूक क्षणी यावे लागते. तो क्षण निमिषभर चुकला की उडी गेली. पुढे तो हवेत असतो, पण फार उंचावर नव्हे; खालचा डोंगर त्याच्या वाटेशी समांतर उतरत असतो आणि माणूस जमिनीपासून थोड्याच मीटरांवरून तिच्याबरोबर खाली खाली जात राहतो. शेवटी एक पाय पुढे, एक मागे, गुडघे किंचित वाकलेले, हात बाजूंना पसरलेले, अशा डौलाने उतरायचे. या उतरण्यास नॉर्वेतील टेलेमार्क या प्रांताचे नाव आहे. एकोणिसाव्या शतकात ज्याने या खेळास आकार दिला, तो सोंद्रे नोरहाइम तेथलाच.

गुण मात्र दोन प्रकारांनी मिळतात. एक अंतराचे, दुसरे शैलीचे. शैलीसाठी पाच परीक्षक बसतात. प्रत्येकाकडे वीस गुण. पाचांतील सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी असे दोन आकडे बाद करून उरलेल्या तिघांची बेरीज धरतात, म्हणजे शैलीचे अधिकाधिक साठ गुण. परीक्षकांचा लहरीपणा आवरण्याची ही युक्ती आम्हांस मोठी शहाणपणाची वाटते; आमच्याकडील वक्तृत्वस्पर्धांनी ती उचलण्याजोगी आहे. अंतरासाठी प्रत्येक टेकडीवर एक नेमकी रेषा आखलेली असते. तेथवर पोहोचलात तर साठ गुण. पुढे गेलात तर दर मीटरला वाढ, मागे राहिलात तर दर मीटरला घट. आजच्या कोष्टकाप्रमाणे लहान टेकडीवर मीटरला दोन गुण आणि मोठ्या टेकडीवर १.८ गुण.

आता हिशेब करून पाहा. परीक्षकांनी शैलीपोटी प्रत्येकी दोन गुण अधिक कापले, तर तिघांचे मिळून सहा गुण गेले. लहान टेकडीवर ते भरून काढण्यासाठी तीन मीटर अधिक उडावे लागेल. मोठीवर तीन मीटरांहूनही थोडे जास्त. स्पर्धेत उड्या दोन असतात, म्हणजे तोटा दुप्पट. जेथे पहिला आणि पाचवा यांच्यात दोन-तीन गुणांचेच अंतर असते, तेथे हा तोटा म्हणजे धावण्याच्या शर्यतीत एकट्याला मागे उभे करून शिट्टी वाजविण्यासारखे होय.

शैलीचे हे गुण अगदी आरंभापासून आहेत आणि त्यांवरून गोंधळही आरंभापासून. १९२४ साली फ्रान्समधील शामोनी येथे पहिले हिवाळी ऑलिंपिक भरले. तेथे अमेरिकेकडून उतरलेल्या अँडर्स हाउगेन याची उडी सर्वांत लांब गेली होती, पण शैलीत तो मागे पडला आणि चौथा ठरला. नॉर्वेच्या थोरलाइफ हाउग यास कांस्यपदक मिळाले. पुढे तब्बल पन्नास वर्षांनी, १९७४ मध्ये, असे आढळले की गुणांच्या बेरजेतच चूक झाली होती! हाउग तोवर दिवंगत झाला होता. त्याच्या कन्येने ते पदक ऐंशी ओलांडलेल्या हाउगेनच्या हाती स्वतः दिले. फेरतपासणीचा अर्ज पन्नास वर्षांनी निकाली निघावा, असे हे उदाहरण. आमच्या एखाद्या परीक्षा मंडळासही इतका उशीर झाल्याचे ऐकिवात नाही.

'शैली' म्हणजे काय, हे मात्र काळानुसार बदलत आले. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात नॉर्वेच्या थाम्स आणि रूड या खेळाडूंची पद्धत मानली जाई : कमरेत वाकून, हात पुढे करून उडणे. राइनहार्ड श्ट्राउमान नावाच्या स्विस अभियंत्याने वाऱ्याच्या बोगद्यात प्रयोग करून हवेचा दाब शरीरावर कसा पडतो, याचा अभ्यास केला. पुढे १९५० च्या दशकात आंद्रेआस डेशर या दुसऱ्या स्विस गृहस्थाने हात मागे, अंगाशी घेऊन शरीर पट्ट्यांवर लांब ओणवे टाकण्याची रीत आणली. ती रूढ झाली आणि तीस-पस्तीस वर्षे टिकली. पण या साऱ्या रीतींत एक गोष्ट अढळ होती : दोन्ही पट्ट्या एकमेकींशी जुळलेल्या, समांतर. रेल्वेचे रूळ जसे. पट्ट्या फाकल्या म्हणजे तोल गेला आणि तोल गेला म्हणजे दोष. परीक्षकांच्या मनात याविषयी तिळमात्र शंका नव्हती.

१९८५ च्या शरद ऋतूत, मध्य स्वीडनमधील फालून येथे सराव चालला असता बोक्लोवची एक उडी बिघडली. पाय फाकले, पट्ट्यांची मागची टोके जवळ राहिली आणि पुढची दूर गेली. पडणार असे वाटत असता हवेने त्यास जणू तळहातावर उचलले आणि तो नेहमीपेक्षा पुष्कळ पुढे जाऊन उतरला. चुकून घडलेले असे सर्वांच्याच हातून घडते. आपण ते झटकून टाकतो व पुन्हा गिरविलेल्या वाटेस लागतो. बोक्लोवने ती चूक पुन्हा करून पाहिली. मग पुन्हा. आमच्या मते त्याचे खरे कर्तृत्व येथे आहे. शोध त्यास अपघाताने लागला असेल, पण त्या अपघातास त्याने सोडले नाही, हे काही अपघाताने झाले नाही.

असे का घडले, ते आता सर्वांस ठाऊक आहे. पट्ट्या समांतर असल्या की खेळाडूचे शरीर त्यांच्या वरच येते. खालून येणारी हवा पट्ट्यांनी अडते, शरीराचा पृष्ठभाग त्यांच्या आडोशास वाया जातो. पट्ट्या फाकवल्या की शरीर त्यांच्या मधोमध उघडे पडते. पट्ट्या दोन बाजूंस, शरीर मध्ये, असा एक रुंद पंखच तयार होतो. वाऱ्याच्या बोगद्यातील चाचण्यांवरून हवेचा उचल देणारा जोर या पद्धतीत सुमारे २८ टक्क्यांनी वाढतो, असा आकडा दिला जातो. घार पंख मिटून झेपावते आणि पंख पसरून तरंगते. भेद तसाच काहीसा.

येथे न्यायाची आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. पोलंडच्या मीरोस्लाव ग्राफ या खेळाडूने १९६९ च्या सुमारासच पट्ट्या फाकवून उडून पाहिले होते. शैलीचे गुण इतके कापले गेले की पुढे त्या मार्गाने कोणी गेले नाही. म्हणजे हवेने आपले उत्तर सोळा वर्षे आधीच दिले होते. गुणपत्रिकेने ते पुसून टाकले.

बोक्लोवला पुसणे जमले नाही, पण प्रयत्न पुष्कळ झाले. त्याची ती बेडकासारखी भासणारी मुद्रा पाहून लोक हसत. परीक्षक गुण कापीत. १९८८ च्या फेब्रुवारीत कॅनडातील कॅलगरी येथे ऑलिंपिक झाले. फिनलंडचा माट्टी न्यूकॅनेन तेथे लहान टेकडी, मोठी टेकडी आणि सांघिक अशी तिन्ही सुवर्णपदके घेऊन गेला, तीही जुन्या, जुळलेल्या पट्ट्यांच्या रीतीने. तिचे त्याहून सुंदर रूप क्वचितच कोणी दाखविले असेल. बोक्लोवच्या हाती काहीच लागले नाही. त्या दिवशी कोणी म्हटले असते की जुनी रीतच खरी, तर त्यास खोडून काढण्यास कोणाकडे पुरावा नव्हता.

पुढच्याच हिवाळ्यात चित्र फिरले. डिसेंबर १९८८ मध्ये अमेरिकेतील लेक प्लॅसिड येथे बोक्लोवने विश्वचषक मालिकेतील आपली पहिली स्पर्धा जिंकली. विश्वचषक म्हणजे येथे एक सामना नव्हे. देशोदेशी, टेकडी-टेकडीवर हिवाळाभर चालणारी ती मालिका असते आणि प्रत्येक ठिकाणचे गुण जमत जातात. त्या हंगामात त्याने पाच स्पर्धा जिंकल्या आणि १९८८-८९ चा विश्वचषक एकंदर गुणांवर पटकावला. हा मान मिळविणारा तो पहिला स्वीडिश खेळाडू. त्याच्यानंतरही कोणा स्वीडिश पुरुषास तो मिळालेला नाही. ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की, शैलीचे गुण या काळातही कापले जातच होते. म्हणजे प्रत्येक विजयासाठी त्याला इतरांपेक्षा पुढे तर जावे लागेच, शिवाय दंडाचे मीटर वेगळे काढून ठेवावे लागत.

परीक्षकांना आम्ही खलनायक ठरवू इच्छित नाही. आम्हीही परीक्षकच आहोत. नियम लिहिलेला असताना एका उमेदवारासाठी तो मध्येच बदलणे, हा दुसऱ्या उमेदवारांवर अन्याय होय. शिवाय डोंगरावरून पडून माणसे जायबंदी होतात, अशा खेळात 'तोल' या शब्दास मोल आहे. फाकलेल्या पट्ट्या उतरण्यापूर्वी पुन्हा जुळवाव्या लागतात. तेथे चूक झाली तर भोगावे खेळाडूस लागते. परीक्षकांनी सावधपणा दाखविला, यात त्यांचे काय चुकले?

तरीही एक आठवण आम्हांस गप्प बसू देत नाही. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत एका उत्तरपत्रिकेत 'पावसाळ्यातील एक दिवस' या विषयावर एका मुलाने निबंध लिहिला होता. प्रस्तावना नाही, सृष्टिवर्णन नाही, समारोप नाही. घराच्या गळक्या कौलांखाली रात्रभर भांडी हलवीत बसलेल्या आईचे बोलणे तेवढे त्याने टिपले होते. तेही बेळगावकडच्या बोलीत, कानडी शब्द जसेच्या तसे ठेवून. आम्ही वाचला, थांबलो, पुन्हा वाचला. मग गुणदानाच्या सूचनापत्राकडे पाहिले. आरंभास दोन गुण, समारोपास दोन, शुद्धलेखनास व प्रमाण भाषेस दोन. आम्ही ते सहाही कापले. पुढे तो मुलगा दाखला नेण्यास आला असता त्याने विचारले, "सर, निबंधात काय चुकलं होतं?" आम्ही म्हणालो, "पद्धत." त्याने मान हलविली आणि गेला. त्या उत्तरपत्रिकेतील एकही वाक्य आम्हांस आज विसरता आलेले नाही. पूर्ण गुण दिलेल्या निबंधांपैकी मात्र एकही आठवत नाही.

असो. बोक्लोवकडे परत येऊ.

नियम बदलला तो युक्तिवादाने नव्हे. इतर खेळाडूंनी अंतरे मोजली आणि एकेक करून पट्ट्या फाकविण्यास सुरुवात केली. सारेच दोषी ठरू लागले तेव्हा दोष कोणाचा मानावयाचा? अखेर १९९० च्या दशकाच्या आरंभी आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने या शैलीस दंड करणे थांबविले. १९९२ साली फ्रान्समधील आल्बेरव्हील ऑलिंपिकमध्ये पदके मिळविणारे सारे नव्या शैलीचेच होते. लहान टेकडीवर ऑस्ट्रियाचा एर्न्स्ट वेट्टोरी जिंकला. मोठ्या टेकडीवर फिनलंडचा टोनी निएमिनेन. हा निएमिनेन अवघा सोळा वर्षांचा होता. त्याला जुने काही विसरावे लागले नव्हते.

ज्यांना विसरावे लागले, त्यांची कथा वेगळीच. न्यूकॅनेनसारख्या अद्वितीय खेळाडूची कारकीर्द नवी रीत रुळण्याच्या आतच मावळली. उलट येन्स वाइसफ्लोग याचे पाहा. पूर्व जर्मनीच्या या खेळाडूने १९८४ मध्ये सारायेवो येथे जुन्या शैलीत ऑलिंपिक सुवर्ण जिंकले होते. शैली पालटली तेव्हा तो पंचविशी ओलांडलेला, नावारूपास आलेला. त्याने पहिल्या इयत्तेतील मुलासारखी बाराखडी पुन्हा गिरविली. पडला, मागे पडला, हरला. मधल्या काळात त्याचा देशही उरला नाही. जर्मनी एक झाली. आणि १९९४ साली नॉर्वेतील लिलेहामर येथे, पहिल्या सुवर्णानंतर दहा वर्षांनी, फाकलेल्या पट्ट्यांनी त्याने मोठ्या टेकडीवरील सुवर्ण घेतले. शिक्षक म्हणून विचाराल, तर या सर्व इतिहासात आमचे सर्वांत आवडते पान हेच आहे.

नवी रीत मग देशोदेशी पसरली आणि अंतरे वाढतच गेली. स्लोवेनियातील प्लानिका येथे प्रचंड टेकड्या आहेत. तेथील उडीस 'उडी' न म्हणता 'उड्डाण' म्हणतात. तेथे १९३६ साली ऑस्ट्रियाच्या सेप ब्राडल याने शंभर मीटरांची मर्यादा ओलांडली होती. १९८७ मध्ये पोलंडचा प्योत्र फियास तेथेच जुन्या शैलीने १९४ मीटर गेला. जुळलेल्या पट्ट्यांची धाव तेथे संपली. १७ मार्च १९९४ रोजी त्याच प्लानिकात निएमिनेन २०३ मीटरांवर उभा उतरला आणि दोनशेच्या पलीकडे उभा राहिलेला पहिला माणूस ठरला. त्याच वर्षी, त्याच ठिकाणी भरलेल्या उड्डाणांच्या जागतिक स्पर्धेत इटलीच्या रॉबेर्तो चेकोन याने कांस्यपदक मिळविले. ज्या देशाचे नाव या खेळात फारसे घेतले जात नसे, त्याच्या पदरीही नव्या शैलीने असे काही टाकले. मार्च २०२५ मध्ये स्लोवेनियाच्याच डोमेन प्रेव्त्सने प्लानिका येथे २५४.५ मीटरांचा विक्रम केला.

या पंखाची किंमतही द्यावी लागली. हवा जितकी अधिक उचलते तितका हलका देह लाभाचा, हे ध्यानी येताच खेळाडू पोट मारू लागले. उड्डाणापायी तरुण मुले हाडांचे सापळे दिसू लागली, तेव्हा महासंघास २००४ पासून नवा नियम करावा लागला : उंचीच्या मानाने वजन ठरलेल्या प्रमाणाहून कमी असेल, तर पट्ट्या आखूड वापराव्या लागतील. म्हणजे हलकेपणाने जे मिळवाल ते पट्टीतून कापले जाईल. या खेपेस परीक्षकाची कात्री योग्य ठिकाणी चालली, असे आम्हांस वाटते.

आणि बोक्लोव? त्या एका हंगामानंतर तो अग्रभागी फार काळ राहिला नाही. त्याची रीत जसजशी सर्वांची झाली, तसतसे तिच्यात त्याच्याहून निष्णात खेळाडू निपजले. दंड उठला तेव्हा लाभ घेण्यास तो पुढे नव्हता. १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये, जेथे सारी पदके त्याच्याच शैलीने जिंकली, तेथे तोही उतरला होता. पदक मिळाले नाही. १९९३ मध्ये तो निवृत्त झाला. ऑलिंपिकचे एकही पदक त्याच्या नावावर नाही.

त्या विद्यार्थ्यास आम्ही हे सारे एका मधल्या सुट्टीत सांगितले. तो ऐकत होता, पण त्याचे लक्ष भ्रमणध्वनीवरील अलीकडच्या एका स्पर्धेच्या चित्रफितीकडे होते. तीत एका खेळाडूच्या पट्ट्या हवेत क्षणभर डळमळल्या, एक बाजू दुसरीपेक्षा आत आली. मुलाने लगेच विचारले, "सर, आता ह्याचे कापतील?" आम्ही म्हणालो, "कापतील." दोन्ही बाजूंचा कोन सारखा नसला की आजचे परीक्षक गुण वजा करतात.